गारांची बटणं

ब्रेकमामांना गल्लीत कुणी खऱ्या नावाने हाक मारत नसे. त्यांनी एकतीस वर्षं बस चालवली, कुणाला कधी खरचटू दिलं नाही, आणि रस्त्यात कोंबडी दिसली तरी शंभर फुटांवरून ब्रेक दाबला. म्हणून ते ब्रेकमामा. त्यांची बायको घराच्या मागच्या खोलीत शिवणकाम करायची, म्हणून ती टेलरकाकू. घरावर निळ्या पत्र्यांचं छप्पर होतं. मागच्या खोलीवर उजेडासाठी एक दुधी रंगाचा फायबरचा पत्रा होता आणि बरोबर त्याच्याखाली शिलाई मशीन. टेलरकाकूला जाऊन सात महिने झाले होते. घरात जागा कमी होती, तरी त्या मशीनवर मामांनी अजून दुसरं काही ठेवलं नव्हतं.

वस्ती डोंगराच्या खिंडीसमोर होती. उन्हाळा तापला की दुपारी खिंडीतून काळा ढग वर यायचा आणि वर्ष-दोन वर्षांतून एकदा तरी गारा टाकून जायचा. लोक आठ दिवस गारांबद्दल बोलायचे, नवव्या दिवशी विसरायचे. टेलरकाकू विसरायची नाही. गारा थांबत आल्या की ती डोक्यावर घमेलं उपडं धरून अंगणात जायची, मोठ्यात मोठ्या तीन गारा वेचायची, डब्यात घालून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायची. मग बटणांचा डबा काढून माप घ्यायची. संध्याकाळी मामा ड्युटीवरून आले की सांगायची, "आज शर्टाच्या बटणाएवढ्या पडल्या." नाहीतर, "आज पँटच्या."

दोन दिवसांनी पत्रे कोरडे झाले की ती शिडी लावून वर चढायची. शिडी मामा धरायचे. एवढी मोठी बस हाकणारा माणूस, पण शिडीच्या तिसऱ्या पायरीवर त्यांना घेरी यायची. समोर राहणारा पोस्टमन हसायचा. "मामा, तुमच्या घरी वरचं खातं काकूंकडे आणि खालचं तुमच्याकडे, होय ना?" मामा मान वर न करता म्हणायचे, "तू पत्रं वाट." शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरून ते जमिनीकडे बघत राहायचे. वर बघितलं तरी त्यांना गरगरायचं.

"काय करतेस गं एवढा वेळ?"

"खुणा."

"कसल्या?"

"तुम्ही शिडी धरा."

बोलणं तिथेच संपायचं. सहा वेळा असंच झालं. सहाव्या वेळेनंतर चार महिन्यांनी ती गेली.

ती गेल्यावर जी पहिली थंडी आली, त्या थंडीत मामांच्या जुन्या ड्युटीच्या कोटाचं तिसरं बटण तुटून कुठेतरी पडलं. बटणांचा डबा त्यांनी उघडला, पण त्यात तेवढं मोठं बटण सापडेना. मग तिच्या कपाटाच्या दाराला आतून टांगलेली जाड कापडाची पट्टी त्यांना दिसली. पट्टीवर एकाखाली एक सहा बटणं शिवलेली होती. कुठलंच दुसऱ्यासारखं नव्हतं, प्रत्येकाचा दोराही वेगळ्या रंगाचा. गिऱ्हाइकांना दाखवायचे नमुने असतील, असं मामांना वाटलं. सगळ्यात खालचं काळं बटण कोटाला अगदी बेताचं होतं. ते त्यांनी ब्लेडने कापून घेतलं. बटणाच्या पाठीमागे घडी घातलेला पांढऱ्या कापडाचा छोटा तुकडा होता. तो त्यांनी टाकला नाही. कोटाच्या बटणामागे आतल्या बाजूने असा तुकडा घालायचा असतो, म्हणजे कापड फाटत नाही, हे त्यांनी पस्तीस वर्षं बघितलं होतं. त्यांनी घडी न मोडता तो तुकडा आत लावला आणि चाळीसएक टाके मारून बटण पक्कं केलं. बटण काळं आणि बाकीची चार तपकिरी. पण हलत नव्हतं. आपण हे तिच्या पद्धतीने केलं, याचं त्यांना त्या दिवशी समाधान वाटलं.

थंडी सरली, ऊन तापलं, आणि एका दुपारी चार वाजता ढग खिंडीतून वर आला.

या वेळच्यासारख्या गारा मामांनी आयुष्यात बघितल्या नव्हत्या. छपरावर कुणी दगडांची गाडी उलटवत असावं, असा आवाज. रेडिओ चालू होता, पण ते फक्त त्याच्या दिव्यावरून कळत होतं. मागच्या खोलीत काहीतरी फुटल्याचा आवाज आला आणि मामा धावले. दुधी पत्रा फाटला होता. त्यातून गारा थेट मशीनवर पडत होत्या. मामांनी मशीन ओढून भिंतीला लावलं, पण पाणी खोलीभर पसरायला लागलं. काय करावं ते सुचेना. तेवढ्यात त्यांना कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेलं प्लास्टिक दिसलं. त्यांनी ते उलगडलं. ते शिलाई मशीनने शिवलेलं होतं, चारी कोपऱ्यांना चार नाड्या होत्या, आणि एक नाडी बाकीच्या तिन्हींपेक्षा वीतभर लांब. मामांनी वर बघितलं. फायबरच्या पत्र्याखाली वाशांना चार हुक होते. ते हुक कपडे वाळत घालायला असतील, असं ते इतकी वर्षं समजत होते. स्टुलावर चढून त्यांनी नाड्या अडकवल्या. लांब नाडीचा कोपरा आपोआप खाली झुकला आणि सगळं पाणी त्या कोपऱ्यातून एका धारेत पडायला लागलं. मामांनी धारेखाली बादली ठेवली.

स्टुलावरून उतरून ते तसेच उभे राहिले. "अगं, सांगायचं तरी," ते मोठ्याने म्हणाले.

गारा थांबल्यावर ते घमेलं डोक्यावर धरून अंगणात गेले आणि तीन गारा उचलून डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवल्या. का, ते त्यांना नीटसं माहीत नव्हतं. ती करायची, म्हणून केलं. फुटलेल्या पत्र्याचे तुकडे मात्र ते झाडू घेऊन गोळा करायला निघाले होते. एवढ्यात पोस्टमन कुंपणावरून ओरडला, "मामा, झाडू टाका! आधी फोटो! माझ्या मेहुण्याने मागे सगळं चकाचक करून ठेवलं आणि मग विमावाल्याला दाखवायला काही उरलंच नाही." मामांनी झाडू टाकला. पोस्टमनने त्याच्या फोनवर खोलीचे, तुकड्यांचे, अंगणातल्या गारांचे फोटो काढले, एका गारेशेजारी स्वतःच्या किल्ल्या ठेवून. त्याच संध्याकाळी मामांनी विमा कंपनीला फोन केला. पलीकडच्या मुलीने सगळं लिहून घेतलं आणि म्हणाली, "सर्व्हेअर येईपर्यंत कायमची दुरुस्ती करू नका. आत पाणी येणार नाही एवढंच बघा."

"ते बघितलंय," मामा म्हणाले. "बायकोने."

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक पिकअप गाडी थांबली. उतरलेल्या माणसाच्या हातात पॅड, खिशाला तीन पेनं. छपराकडे एकदा बघून त्याने जीभ टाळ्याला लावून चुकचुक केलं. "काका, हे छप्पर गेलं. सगळं उतरवावं लागणार. आज सही करा, उद्या सकाळी माणसं येतील, परवा नवं छप्पर. विमा कंपनीचं आम्ही बघून घेतो."

"सर्व्हेअर यायचे आहेत ना पण."

"सर्व्हेअर आले की महिना जातो. पावसाळा थांबतोय का तुमच्यासाठी?"

हे बोलून त्याने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. पावसाळ्याला सहा आठवडे होते. आईच्या मागे बाबांनी एकटं राहू नये, आपल्याकडे यावं, म्हणून लेक पहिल्या दिवसापासून मागे लागली होती. शेवटी मामांनी शब्द दिला होता, की पावसाळ्याआधी घरात काही बिघडलं आणि मला ते निस्तरता आलं नाही, तर मी मुकाट्याने सामान बांधीन. त्यांच्या पेन्शनीत अख्खं छप्पर होणारं नव्हतं. विम्याचं जमलं तर घर, नाहीतर लेकीच्या घराची पाहुण्यांची खोली. तिसरी वाट नव्हती.

मामांनी पेन हातात घेतलं. मग त्यांना टेलरकाकूचं एक बोलणं आठवलं. गारांनंतर जो पहिला दारावर येतो, त्याला चहा द्यायचा, सही द्यायची नाही. ती हे गल्लीतल्या सगळ्या बायकांना सांगायची. मामांनी पेन परत दिलं आणि चहा ठेवला.

पहिला कप झाला. "हं, काका, सही."

"अजून घ्या ना."

दुसरा झाला. माणसाने पॅड पुढे सरकवलं. मामांनी बिस्किटं पुढे सरकवली. तिसऱ्या कपाला त्याचा चेहरा उतरला. "काका, तुम्हाला एक गोष्ट सांगतो. वर कुणीतरी रंगाने गोल गोल काढून ठेवलेत. मी रस्त्यावरून गाडीच्या टपावर चढून बघितलं. कंपनीवाला म्हणणार, तुम्हीच काढले. मग तुम्हाला काही मिळायचं नाही. म्हणून म्हणतो, तो यायच्या आत पत्रे उतरवून टाकू."

"चौथा ठेवू का?" मामांनी विचारलं.

गाडी निघून गेली. पण ते बोलणं मामांच्या डोक्यातून जाईना. गोल गोल? कसले गोल?

सर्व्हेअर आली तिसऱ्या दिवशी. त्याच सकाळी लेक आली होती, आणि गाडीच्या डिकीत घडी केलेली खोकी होती. ती तिने घरात आणली नव्हती, पण मामांना ती दिसली होती. सर्व्हेअर म्हणजे रबरी तळाचे बूट घातलेली, तिशीतली, कमी बोलणारी बाई. तिच्यासाठी मामांनी ड्युटीचा कोट घातला होता. भर उन्हाळ्यात.

"बाबा, उकडेल," लेक म्हणाली.

"कंपनीचं काम आहे. नीट दिसायला हवं."

सर्व्हेअरने आधी खाली फिरून पन्हाळ बघितली, खिडक्यांच्या जाळ्या बघितल्या, पाण्याच्या टाकीचं झाकण बघितलं. "आधी मऊ गोष्टी बघायच्या," ती म्हणाली. "छप्पर खोटं बोलतं, पण जाळी आणि पन्हाळ खोटं बोलत नाहीत." मग ती शिडीवर चढली. मामांनी सवयीने शिडी धरली आणि जमिनीकडे बघायला लागले.

ती बराच वेळ वर होती. पावलांचा आवाज सावकाश पुढे जात होता. मग तो थांबला.

"काका!" वरून हाक आली. "तुमच्याकडे शिवणकाम कोण करतं?"

मामा मान वर न करता म्हणाले, "करत होती. का?"

"इथे पांढऱ्या रंगाने तुटक तुटक रेघ मारली आहे, अख्ख्या छपरावर. माझी आई कापडावर कच्चा टाका घालते ना, तशी. आणि ती बरोबर वाशांवरून जाते. म्हणजे पाय कुठे ठेवायचा ते दाखवलंय. मी बारा वर्षं छपरं बघते, काका. असं कुणी केलेलं बघितलं नाही."

ती खाली आली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता, पण वही उघडल्यावर परत गंभीर झाला. ओट्यावर बसून तिने सांगितलं ते असं. छपरावर दीडएकशे पोचे होते. त्यातले बरेचसे रंगाने गोल केलेले, सहा रंगांत. न गोल केलेले साठ-सत्तर, आणि त्यातले बहुतेक मागच्या खोलीवर, फुटलेल्या पत्र्याजवळ. तिथले दोन सांधे उघडले होते आणि स्क्रूंचे वॉशर फाटले होते. "हे या वेळचे, असं माझं मत आहे. पण माझं मत पुरत नाही. मागच्या वर्षी या भागात बऱ्याच लोकांनी जुने पोचे नवे म्हणून दाखवले. आता माझे साहेब प्रत्येक कागद वास घेऊन बघतात. ते म्हणतील, हे गोल परवा रंगवले. जुने कोणते आणि कधीचे, हे दाखवणारं काही आहे?"

मामांना आठवलं, पिकअपवाला हेच म्हणाला होता. "रंग तिनेच लावले. मी शिडी धरली होती."

"ते मी लिहीन, काका. पण शिडी धरली, हा पुरावा होत नाही."

लेक एवढा वेळ दाराला टेकून ऐकत होती. "सहा रंग म्हणालात? कोणते?"

"पांढरा, लाल, पिवळा, काळा, केशरी, हिरवा."

लेक आत गेली आणि कपाटाच्या दाराची पट्टी घेऊन आली. तिने ती सर्व्हेअरच्या मांडीवर ठेवली. पांढऱ्या दोऱ्याचं बटण, लाल दोऱ्याचं, पिवळ्या, काळ्या, केशरी. प्रत्येक बटणामागे पांढऱ्या कापडाची घडी. लेकीने पहिल्या बटणाची घडी नखाने उलगडली. आत शाईने बारीक अक्षरांत तारीख होती, आणि खाली "पुढच्या बाजूला, अकरा."

"अकरा काय?" मामांनी विचारलं.

"अकरा पोचे," सर्व्हेअर हळूच म्हणाली. तिने स्वतःची फाईल उघडली. त्यात हवामान खात्याकडून घेतलेल्या गारपिटीच्या तारखा होत्या, गेल्या दहा वर्षांच्या. तिने बोट ठेवून एक एक तारीख जुळवली. पहिली जुळली. दुसरी जुळली. पाचही जुळल्या. ती पट्टीवरची बटणं बघत होती. "आणि बटण म्हणजे गारेचं माप. बाई, बाई, बाई! आमच्या ऑफिसात हे काम करायला मशीन आहे आणि ते निम्म्या वेळा बंद असतं."

टेलरकाकू घरात बसून, दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात, सुईदोऱ्याने एवढं करत होती आणि ते रोज त्या कपाटासमोरून जात होते.

"पण," सर्व्हेअर म्हणाली.

"पण काय?"

"माझ्याकडे या वेळची सोडून सहा तारखा आहेत. पट्टीवर पाच बटणं. हिरवं नाही. आणि हिरवे गोल सगळ्यात जास्त आहेत, मागच्या उन्हाळ्यातले असणार. मोठ्या गारा होत्या तेव्हा." तिने पट्टीच्या खालच्या टोकावर बोट फिरवलं. तिथे कापडावर बारीक भोकं होती. "इथे काहीतरी होतं. कुणीतरी काढलंय. साहेब म्हणतील, जिच्यात एक तारीखच नाही, ती कसली नोंद? आणि जी नाही ती नेमकी सगळ्यात मोठी."

मामांच्या अंगाला घाम फुटला. कोटामुळे आधीच फुटला होता, आता गळ्यापर्यंत आला. त्यांनी खाली, स्वतःच्या छातीकडे बघितलं. चार तपकिरी आणि एक काळं.

"मी," ते म्हणाले. आणि त्यांनी त्या काळ्या बटणावर बोट ठेवलं.

लेकीने त्यांच्या बोटाकडे बघितलं. "बाबा! हे तुम्ही... आईच्या पट्टीवरून?"

"मला काय माहीत, नमुने आहेत असं वाटलं."

"नमुने कपाटाच्या आत टांगतात का?"

"मला काय माहीत, पस्तीस वर्षं ती सांगेल तेवढंच मला माहीत असायचं."

सर्व्हेअर हसायला लागली आणि लगेच तोंडावर हात धरला. "काका, बटणामागचा तुकडा कुठे आहे? टाकला का?"

"टाकीन कसा?" मामा म्हणाले. "कोटाच्या बटणामागे तुकडा लागतो."

त्यांनी कोट काढून आतली बाजू वर केली. तिथे चाळीस टाक्यांच्या खाली पांढरी घडी होती. लेकीने कात्री आणली. टाके इतके घट्ट होते की तिला एक एक करून सगळे उसवायला पंधरा मिनिटं लागली. "एवढे टाके? बटण आहे का जहाजाचा नांगर?" ती पुटपुटली, पण तिचे डोळे भरले होते. बटण निघालं. घडी उलगडली. आत मागच्या उन्हाळ्यातली तारीख, आणि खाली "सगळीकडे. एक्केचाळीस." बटणाच्या भोकात मामांच्या तपकिरी दोऱ्याच्या उरल्यासुरल्या तुकड्याबरोबर हिरव्या दोऱ्याचं एक टोक अजून अडकलेलं होतं.

सर्व्हेअरने फाईलमधल्या सहाव्या तारखेवर टिक केली. मग तिने कोट, बटण, घडी आणि पट्टी यांचे फोटो काढले. फ्रीजमधला डबा मागवला आणि या वेळच्या तिन्ही गारा पट्टीशेजारी ठेवून त्यांचे फोटो काढले. सगळ्यात मोठी गार काळ्या बटणापेक्षाही मोठी होती.

"यांना कुणी शिकवलं हे?" तिने विचारलं.

"कुणी नाही," लेक म्हणाली. "एकदा शेजारच्यांचा विम्याचा दावा फेटाळला होता, मी कॉलेजात असताना. त्यांच्याकडे दाखवायला काही नव्हतं. आई त्या दिवशी त्यांच्या घरून आली आणि म्हणाली, कपड्याचं माप घेतो, तसं छपराचं पण घेऊन ठेवायला पाहिजे."

सर्व्हेअरने निघताना शिडीवरच्या धुळीत उमटलेले स्वतःच्या बुटांचे ठसे बघितले आणि म्हणाली, "मी आता प्रत्येक घरी सांगणार, काका. गारा पडल्या की जुन्यांभोवती गोल करा. कुणी ऐकेल की नाही, माहीत नाही."

सोळा दिवसांनी पत्र आलं. मागच्या खोलीचं छप्पर, सांधे, फायबरचा पत्रा, सगळं मंजूर. पुढच्या बाजूचे पत्रे दिसायला वाईट होते, पण गळत नव्हते, म्हणून ते तसेच ठेवायचे. लेकीने पत्र दोनदा वाचलं. मग तिने डिकीतली खोकी काढली, पोस्टमनला दिली आणि म्हणाली, "रद्दीत घाला." आपल्याकडे राहायला यायचा विषय तिने बाबांपाशी परत काढला नाही.

पत्रे बदलायला माणसं येणार त्याच्या आदल्या सकाळी मामांनी शिडी लावली.

"कुठे?" लेक म्हणाली.

"वर."

"तुम्हाला घेरी येते."

"तू धर."

पहिली पायरी, दुसरी. तिसरीवर डोळ्यांपुढे काळं आलं. त्यांनी शिडीच्या दांड्याला कपाळ टेकवलं आणि बस चालवताना घाटात करायचे तसं केलं: लांब बघायचं नाही, फक्त पुढचे दहा फूट. चौथी. सातवी. नवव्या पायरीवर डोकं पत्र्याच्या वर आलं.

निळ्या पत्र्यावर गोल होते. वाटीने आखल्यासारखे, एकसारखे. पांढरे सगळ्यात फिकट, उन्हाने विटलेले. लाल. पिवळे. कुठेही रंग ओघळलेला नाही, कुठेही एक जुना पोचा सुटलेला नाही. मधून पांढरा कच्चा टाका सरळ कडेपर्यंत गेलेला. मामांना उंची आठवली नाही. ते नुसते बघत राहिले, एखाद्याने शिवलेला कोट आतून उलटा करून बघावा आणि आतही एक दोरा लोंबत नसावा, तसं.

मग त्यांनी हिरवे बघितले. मागच्या उन्हाळ्यातले. ते गोल नव्हते. काही अंड्यासारखे, काहींचं टोक टोकाला जुळलेलं नव्हतं, दोन-तीन ठिकाणी रंग ओघळला होता. तिला तेव्हाच दम लागत असणार. पण मोजले तेव्हा एक्केचाळीस भरले. मामांनी तिथे उभं राहून मोजले. एकही सुटला नव्हता. आणि ती वर हे करत होती तेव्हा खाली त्यांनी विचारलं होतं, आज फार वेळ लागतोय गं. आणि तिने म्हटलं होतं, तुम्ही शिडी धरा.

"बाबा, ठीक आहात ना?" खालून लेकीने विचारलं. ती जमिनीकडे बघत नव्हती, वर बघत होती.

"हो," ते म्हणाले. "थांब जरा. धरून ठेव."

मागच्या खोलीचे पत्रे उतरले तेव्हा मामांनी फिटरला एकच सांगितलं, नव्या पत्र्यावरही वाशांवरून तशीच तुटक रेघ मारून द्या. फिटर म्हणाला, "कशाला?" मामा म्हणाले, "पाय कुठे ठेवायचा ते कळायला नको?"

त्या संध्याकाळी दोघं मागच्या खोलीत बसले. नव्या दुधी पत्र्यातून उजेड सरळ मशीनवर पडत होता. मामांनी आधी काळं बटण परत पट्टीवर शिवलं, हिरव्या दोऱ्याने, तारखेच्या घडीसकट. कोट तसाच राहिला, तिसरं बटण नसलेला. मग या वेळच्या गारेची पाळी आली. डब्यात तेवढं मोठं बटण नव्हतं. कुठल्याच कपड्याला तेवढं बटण लागत नाही.

"आई असती तर काय केलं असतं?" लेकीने विचारलं.

मामांनी थोडा विचार केला, स्वयंपाकघरातून सरबताच्या बाटलीचं झाकण आणलं आणि कोटाच्या आतल्या पट्टीतलं जास्तीचं कापड कापून त्यावर चढवलं. कापड चढवलेलं बटण. ती बायकांच्या कोटांना करायची तसं. घडीवर लेकीने तारीख लिहिली, आणि मामा सांगत गेले, "मागच्या बाजूला. सदुसष्ट." पोचे त्यांनी स्वतः मोजले होते. मग जांभळा दोरा सुईत ओवायला त्यांना सहा वेळा प्रयत्न करावा लागला.

टाके वेडेवाकडे आले. एक टाका तर पट्टीच्या कडेबाहेर गेला.

"आईने उसवलं असतं," लेक म्हणाली.

"उसवलं असतं," मामा म्हणाले, "आणि परत शिवायला लावलं असतं."

त्यांनी कात्री उचलली, कडेबाहेर गेलेला तो एक टाका कापला, आणि चष्मा पुसून परत सुई घातली.